आकडा कुणाला ठाऊक होता

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी फिरायला जातो त्या मित्रालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा – ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं आता कोणी उरलेलं नाही, म्हणून. हे दुसरं कारण जास्त खरं असावं. आणि ते काही फारसं भूषणाचं नाही.

सभेपासून सुरुवात करतो. तिथून सांगणं सोपं जाईल.

नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि गावच्या वाचनालयाचा चिटणीस होतो. वाचनालयाची एक रीत होती. वर्ष संपलं, की त्या वर्षात पंचक्रोशीतली जी नावाजलेली माणसं गेली त्यांच्यासाठी सभा भरायची. प्रत्येकाबद्दल दहा-बारा ओळी लिहून वाचायच्या, मग सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं. लिहायचं काम माझं, वाचायचंही माझंच.

त्र्याहत्तर सालच्या यादीत पाच नावं होती. एक पहिलवान – म्हातारपणी गुडघे गेले तरी तालमीच्या उंबऱ्यावर बसून पोरांचे डाव तोंडाने सुधारणारे. एक ढोलकीवाले – फडातून निवृत्त झाल्यावरही जेवणाच्या ताटावर बोटं वाजवायचे आणि सुनेची बोलणी खायचे. एक वकील – गोऱ्यांच्या राज्यात तुरुंगात जाऊन आलेले, पण त्याबद्दल विचारलं की विषय बदलणारे. एक सुईणबाई – माझ्या वर्गातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली होती. आणि पाचवे केरूनाना. पाणाड्या.

पहिल्या चौघांसाठी मी घरोघर फिरलो, माणसांना विचारलं, टिपणं काढली. माझा एक स्वभाव सांगून ठेवतो – गेलेल्या माणसाबद्दल सगळे एका सुरात चांगलं बोलायला लागले की मला संशय यायचा. हे नक्की काय लपवतायत, असं वाटायचं. संशय घेणं म्हणजे हुशारी, असा माझा तेव्हा समज होता. विज्ञानाचा मास्तर ना मी! पहिलवानांच्या कुस्त्यांच्या तारखा मी दोन-दोनदा पडताळून पाहिल्या. वकिलांच्या तुरुंगवासाबद्दल तिघांना विचारलं.

केरूनानांसाठी मात्र मी कुठेच गेलो नाही. त्यांच्याबद्दल मला सगळं ठाऊक होतं.

केरूनाना जमिनीतलं पाणी सांगायचे. तळहातावर नारळ ठेवून रानातून अनवाणी चालायचे, आणि नारळ उभा राहिला की टाच रोवून थांबायचे. "हितं लावा." बस्स, एवढंच. घ्यायचे काही नाही, तोच नारळ घरी न्यायचे. गाव ज्या विहिरीचं पाणी प्यायचं ती त्यांनीच तरुणपणी दाखवलेली. आणि त्यांनी दाखवलेल्या जागी सुरुंग लावायला, कातळ फोडायला कायम एकच माणूस असायचा. सखाराम. आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतला. वीस वर्षं दोघं बरोबर. नाना पुढे, हातात नारळ. सखाराम मागे, एका खांद्यावर पहार, दुसऱ्या खांद्यावर पाण्याची पिशवी आणि काखेत नानांची छत्री. नानांना ऊन सोसायचं नाही. मधेच थांबून ते हात मागे करायचे आणि सखाराम पिशवी पुढे करायचा. त्याच पिशवीला तोंड लावून नाना प्यायचे – चार लोकांत, बांधावर. त्या काळात आमच्याकडे हे सहज घडण्यासारखं नव्हतं. कोणी नाक मुरडलं तर नाना म्हणायचे, "पानी मी सांगतो, पन काढतो त्यो. मग त्येच्या हातचं का नगं?"

अशा माणसाबद्दल मला राग का असावा?

सांगतो. शाळेसाठी विहीर खोदायची होती. मी भूगर्भाची दोन पुस्तकं वाचली होती. नकाशा काढला, कमिटीपुढे अर्धा तास बोललो, ओढ्याकाठची जागा दाखवली. कमिटीने मान डोलावली आणि मग केरूनानांना बोलावलं. त्यांनी माझ्या जागेवरून दोनदा नारळ नेला, थांबले नाहीत. पार वरच्या अंगाला, मुरमाड जागेत टाच रोवली. मी हसलो. मोठ्याने हसलो, मुलांच्या देखत. पंधरा दिवसांत तिथे पाणी लागलं. सखारामाने पहिला तांब्या भरून वर पाठवला आणि नानांनी तो माझ्या हातात दिला. "घ्या मास्तर, पयला घोट तुमचा." त्यात खोच नव्हती. आज मला ते कळतं. तेव्हा सगळी पोरं हसली आणि मला वाटलं, म्हातारा मला उघडा पाडतोय.

त्या तांब्यातलं पाणी मी प्यालो. गोड होतं.

मग बहात्तर आलं. पावसाने तोंडच दाखवलं नाही. जो तो केरूनानांकडे धावायला लागला. जामखेडपासून, खर्ड्याच्या बाजूने, श्रीगोंद्याहून बैलगाड्या यायच्या त्यांना न्यायला. आणि त्याच सुमारास एका दुपारी सखाराम माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आला. सरकारी पाझर तलावाच्या कामावर सुरुंग लावणाऱ्याची जागा मिळावी म्हणून. त्याला सही येत होती, त्यापुढे लिहिणं-वाचणं नव्हतं. मी सहज विचारलं, "विहिरींचं काम सोडलं का?"

तो हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमाला म्हनून सांगतो. दोन वर्सांत नानांनी अकरा जागा दावल्या. आठ कोरड्या गेल्या. खाली पानीच न्हाई, त्ये तरी काय करतील? पन लोकं येकमेकांपास्नं लांबची हायेत, कुनाला बेरीज ठावं न्हाई. समद्या मीच फोडल्या, म्हनून मला ठावं. कुटं बोलू नका. म्हातारं खचंल."

मी म्हणालो, "नाही बोलणार."

आणि बोललो नाहीच. लिहिलं.

आलं शेवटी. इथपर्यंत यायला मला इतकी वळणं घ्यावी लागली. नगरच्या एका साप्ताहिकाला मी पत्र लिहिलं – 'दुष्काळात पाणाड्यांचा खेळ'. त्यात केरूनानांचं नाव होतं, गाव होतं, अकरापैकी आठचा आकडा होता. माझं नाव नव्हतं. खाली लिहिलं होतं – एक विज्ञानप्रेमी. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तिरपं काढलं. गावच्या पोस्टात टाकलं नाही. कर्जतला कामासाठी गेलो तेव्हा तिथल्या पेटीत टाकलं. ज्याला आपण बरोबर आहोत असं वाटत असतं तो एवढी काळजी घेतो का?

तुम्ही म्हणाल, आकडा तर खरा होता. लोक कर्ज काढून, बैल विकून कोरडे खड्डे खोदत होते. कोणीतरी सांगायलाच हवं होतं. बरोबर आहे. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण मग नावानिशी का नाही लिहिलं? नानांच्या ओट्यावर बसून का नाही सांगितलं? ते काही मारकुटे नव्हते. लोकांचे बैल पत्र लिहिताना मला आठवलेच नव्हते, हो. मला आठवत होता तो तांब्या.

पत्र छापून आलं आणि गावाला संशयाचा रोग लागला. पारावर, चहाच्या हॉटेलात एकच – कोणी लिहिलं? माझी तर झोपच उडाली. पोस्टमन सायकलवरून उतरून घाम पुसत जरा जास्त वेळ माझ्याकडे बघायचा, असं मला वाटायचं. हॉटेलवाल्याने साखर कमी घातली तर वाटायचं, याला कळलंय. बायको शाईची दौत पुसत होती तेव्हा मी तिच्यावर खेकसलो. सगळे मला ओळखून गप्प आहेत की कोणालाच काही ठाऊक नाही – हे समजायला मार्ग नव्हता.

आठवड्याने केरूनाना शाळेत आले. मधल्या सुट्टीत. तो अंक त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला होता. माझ्या टेबलावर तो सरळ करून ठेवला.

"मास्तर, तुमी शिकलेलं मानूस. ही भाषा कुनाची वाटती?"

मी अंक हातात घेतला. माझीच वाक्यं मी पहिल्यांदा वाचत असल्यासारखी सावकाश वाचली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला खात्री वाटली, की हे ओळखायला आलेत, माझी परीक्षा बघतायत. आणि त्या भीतीत मी ते बोललो. तेव्हाचा माझा आवाजसुद्धा आठवतो – अगदी वर्गात प्रश्न विचारतात तसा.

"भाषेचं सोडा, नाना. हा आकडा कुणाला ठाऊक होता?"

मी कोणाचं नाव घेतलं नाही. पुढे कितीतरी वर्षं मी या आधारावर झोपलो – की मी नाव घेतलं नव्हतं, फक्त प्रश्न विचारला होता.

नानांच्या ओठांची हालचाल झाली. विहिरी मोजत असावेत. मग त्यांनी अंक घडी घालून परत सोग्यात खोचला.

"त्येला लिवता येत न्हाई," ते म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच.

"लिहून घेता येतं की," मी म्हणालो.

हे मात्र प्रश्न विचारणं नव्हतं. हे मी आजपर्यंत स्वतःपाशीही नीट कबूल केलं नव्हतं.

त्यानंतर नानांनी सखारामाशी बोलणं सोडलं. भांडले नाहीत, जाब विचारला नाही. विचारला असता तर – पण संशयी माणूस विचारत नाही, त्याला उत्तर आधीच मिळालेलं असतं. बाजाराच्या दिवशी मी पाहिलं; सखाराम समोरून आला, थांबला, "नाना" म्हणाला, आणि नाना वाण्याच्या दुकानाकडे वळले. तिथे त्यांचं काही काम नव्हतं. सखाराम पिशवीचा पट्टा धरून बराच वेळ रस्त्यात उभा राहिला. गावाला काय समजायचं ते समजलं. आणि आमच्या गावाला हे पटायला जडही गेलं नाही. तुमच्या लक्षात येतंय ना मी काय म्हणतोय? सखारामाच्या जागी पाटलाचा भाऊ असता तर लोकांनी पुरावा मागितला असता. 'लिहून घेता येतं' म्हणताना हेही मला ठाऊक होतं.

वैशाखात कोणीतरी नानांना जागा बघायला नेलं. माळावर, भर दुपारी. नेणारा माणूस जागा दाखवून बैल पाजायला गेला आणि नाना एकटेच फिरत राहिले. मागे पिशवी नव्हती, छत्री नव्हती. तो माणूस परत आला तेव्हा नाना बाभळीच्या काटकुळ्या सावलीत आडवे होते. कर्जतला दवाखान्यात नेईपर्यंत संपले. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या मातीला सखाराम आला होता. लोकांनी त्याला पुढे येऊ दिलं नाही. तो लांब, ओढ्याच्या पलीकडे उभा होता. मी पुढे होतो. मी खांदाही दिला.

आता पुन्हा त्या सभेकडे येतो. तिथून सुरुवात केली ती उगाच नाही. पाचव्या नावाखाली मला दहा-बारा ओळी लिहायच्या होत्या, आणि केरूनाना गेल्याला सात-आठ महिने झाले होते. तेवढ्या वेळात माणूस शुद्धीवर येऊ शकतो. मी लिहू शकलो असतो की ते पत्र माझं होतं. तेवढं धैर्य नव्हतं तर त्या प्रकाराचा उल्लेख टाळू शकलो असतो. कोणाचा काही आग्रह नव्हता. मी काय लिहिलं? नानांची विहीर, नानांचा नारळ, त्यांचा निर्मोही स्वभाव – आणि शेवटी हे वाक्य: "अखेरच्या काळात अगदी जवळच्या माणसाने केलेल्या विश्वासघाताचं शल्य त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं."

हे वाक्य मला कोणी सुचवलं नव्हतं. ते लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं होतं. कारण आता ती गोष्ट पक्की झाली. वाचनालयाच्या वहीत गेली. आता माझ्याकडे कोण बघणार?

सभेत मी पहिलवानांबद्दल वाचलं, ढोलकीवाल्यांबद्दल वाचलं तेव्हा त्यांची सून डोळे पुसत होती. वकील झाले, सुईणबाई झाल्या. मग ते वाक्य आलं. मी जरा थांबून वाचलं, म्हणजे ऐकू जाईल. आणि पन्नास-साठ माना एकदम मागे वळल्या. सखाराम दाराशी, चपलांच्या बाजूला उभा होता. त्याने सगळ्यांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. तोही उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. नाना बसले होते त्याच खुर्चीपाशी थांबला, बसला नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "त्यो आकडा मी येकाच मानसाला सांगितला हुता."

बाहेर पोरं खेळत होती. मी समोरच्या वह्या तपासत राहिलो. पान उलटलं. तो आवाज चढवेल, चारचौघांत नाव घेईल, म्हणून मी मनातल्या मनात उत्तरं रचत होतो. त्याने आवाज चढवला नाही. तो थांबला होता. मी सांगेन म्हणून थांबला होता. मला पकडायला तो आला नव्हताच. मला संधी द्यायला आला होता, असं आता वाटतं.

"नीट आठवून बघ सखाराम," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाला तरी बोलला असशील. बोलण्याच्या ओघात माणसाला राहत नाही आठवण."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला विसरता आलेलं नाही. राग आला असता तर मी तो सहन केला असता. तो खरोखरच आठवू लागला. कपाळाला आठ्या घालून, खरंच कुठे बोललो की काय, म्हणून. वीस वर्षांच्या सोबत्याला आपल्याच तोंडाने तर मारलं नाही ना, हे तो माझ्यासमोर उभा राहून तपासत होता. आणि मी त्याला तपासू दिलं.

"न्हाई वाटत," तो शेवटी म्हणाला. पण मघाइतक्या खात्रीने नाही.

त्याला मग कोणी विहिरीच्या कामावर घेतलं नाही. होळीच्या आत तो बायकापोरं घेऊन गाव सोडून गेला. उत्तरेकडे, श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या बाजूला दगडाच्या खाणीवर काम मिळालं, असं कळलं. मी हेडमास्तर झालो. वाचनालयाच्या सभा वाचत राहिलो. कोणी मला कधी काही विचारलं नाही. ज्या संशयाला मी इतका घाबरत होतो तो माझ्यापर्यंत आलाच नाही. मी शिकलेला होतो, खांदा दिलेला होता, माझ्यावर कोण घेणार?

निवृत्तीनंतर एकदा श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर एक बाई माझ्याजवळ आल्या. चाळिशीच्या, हातात शाळेच्या वह्यांचा गठ्ठा. "सर ना तुम्ही? मी तुमच्या शाळेत पाचवीला होते. सखाराम सुरुंगवाल्यांची मुलगी." त्या तिकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, म्हणाल्या. खाणीतल्या धुळीने छाती गेली होती.

मी विचारलं, गावाबद्दल काही बोलायचे का? हे मी काळजीने विचारलं नव्हतं. काय ठाऊक आहे ते काढून घ्यायला विचारलं होतं. इतक्या वर्षांनीसुद्धा.

"नाही हो. आम्ही किती वेळा विचारलं, दादा, आपण गाव का सोडलं? तर एवढंच म्हणायचे – पानी न्हवतं."

ती माझ्याकडे बघत होती. स्टँडवर गर्दी होती, पण आमच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. ऐकणारी ती एकटीच होती, आणि ज्याचं नाव मी धुळीला मिळवलं त्याची ती मुलगी होती. एक वाक्य पुरलं असतं.

"हो," मी म्हणालो. "फार कडक दुष्काळ होता तो."

तिची गाडी लागली. वह्या सांभाळत तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.